त्या दिवशी मुंग्या आल्या नाहीत

मला पॅनिक अटॅक येतात हे आमच्या घरात आणि शाळेत सगळ्यांना माहीत आहे. पहिला आला तो तीन वर्षांपूर्वी, पणजीहून घरी येताना. कदंबची बस बाणस्तारीच्या पुलावर गर्दीत अडकली होती. छातीत धडधड, घसा आवळलेला, श्वास वरच्या वर, आणि बोटांच्या टोकांना व ओठांभोवती मुंग्या. वीसेक मिनिटांत सगळं ओसरलं, पण मी मरणार असं त्या वीस मिनिटांत मला खरोखर वाटलं होतं. पुढे असे आणखी आले. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जाऊ लागले. गोळी सुरू झाली, समुपदेशक बाईंनी श्वासाचा सराव शिकवला: चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर. त्याचा मला फार उपयोग झाला. हे आधीच सांगते, कारण पुढे जे घडलं त्यात त्या उपचारांचा काही दोष नाही.

गेल्या वर्षीचा एप्रिल. फोंडा तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते. वर्षअखेरीच्या पेपरांचे गठ्ठे घरी आणले होते. त्या महिन्यात तहान अशी लागायची की उशाशी ठेवलेला तांब्या रात्रीत दोनदा भरावा लागे. चार-पाच वेळा उठून बाथरूमला जायचं. उकाडा आहे म्हणून तहान, पाणी पिते म्हणून लघवी, असा हिशेब मी लावला. पेपर तपासताना अक्षरं पुसट दिसायची. चष्म्याचा नंबर वाढला असेल. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले, आई म्हणाली, "किती टेन्शन घेतेस, अंगाला लागणार कसं?" पाच आठवड्यांत माझं वजन चोपन्नवरून सत्तेचाळीसवर आलं होतं, हे नंतर कळलं. प्रत्येक तक्रारीला हाताशी एक कारण होतं. त्यामुळे त्या सगळ्या एकत्र मांडून बघाव्यात असं कोणाला सुचलं नाही, मलाही नाही.

आणि तहान भागवायला मी काय पीत होते? कोकम सरबत, उसाचा रस, आणि काजूचा हंगाम म्हणून मामाच्या बागेतून बाटल्या भरून येणारा निरो, म्हणजे काजूच्या बोंडूंचा ताजा रस. थंडगार निरोचा पेला रिकामा केला की पाच मिनिटं बरं वाटायचं, मग पुन्हा तोंड कोरडं ठणठणीत.

एका गुरुवारी दुपारपासून पोटात दुखायला लागलं. संध्याकाळपर्यंत तीन उलट्या झाल्या. बाधलं असेल म्हणून पेज घेतली, तीही पडली. सातच्या सुमारास श्वास भरभर चालतोय असं जाणवलं. मी लगेच ओळखलं, म्हणजे ओळखलं असं मला वाटलं. खुर्चीत ताठ बसले, पाय जमिनीला टेकवले, चार अंक आत, सहा अंक बाहेर. तीनवर पोचेपर्यंतच पुढचा श्वास आत ओढला जायचा. नळाला हात लावून पाणी थांबवायचा प्रयत्न करावा तसं. अर्धा तास प्रयत्न केला. मग रडू आलं. एवढी दोन वर्षं सराव करून साधा श्वास आवरता येत नाही, याचीच लाज वाटत होती.

बाबांनी गाडी काढली आणि जवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथे माझी जुनी फाइल होती. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी बोटाला ऑक्सिजन बघायचं यंत्र लावलं: ९९. नाडी १२४. ईसीजी काढला, तो ठीक. छाती तपासली, स्वच्छ. त्यांनी फाइल चाळली आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "परीक्षेचे दिवस ना? टीचरलाच मुलांपेक्षा जास्त टेन्शन." ते चांगलं वागले. आवाज चढवला नाही, घाई केली नाही. नर्सने कागदी पिशवी आणून दिली, तोंडाला धरून तिच्यात श्वास घे म्हणाली. चार-पाच श्वासांतच गुदमरायला झालं. मी पिशवी फेकून दिली. ते बघून त्यांची खात्रीच पटली.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली होती. "डॉक्टर, नेहमीसारख्या मुंग्या नाहीत आल्या." ते म्हणाले, "दर वेळी सगळीच लक्षणं यायला हवीत असं नाही." मला ते पटलं. शांत व्हायचं इंजेक्शन दिलं, उलटीचं दिलं, आणि साडेनऊला आम्ही घरी.

त्या रात्रीचं मला फार आठवत नाही. आईला आठवतं. इंजेक्शनने मला गुंगी आली, डोळे मिटले, पण श्वास तसाच चालू राहिला. खोल, एकसारखा, लोहाराच्या भात्यासारखा. आई उशाशी बसून होती. तिने माझे अटॅक पाहिलेले. ती म्हणते, "तुझा अटॅक झोपेत कधी टिकत नाही. डोळा लागला की श्वास लागतो ताळ्यावर. त्या रात्री तू झोपलीस, पण श्वास नाही झोपला." पहाटे तिने बाबांना दोनदा उठवलं. बाबा म्हणाले, डॉक्टरांनी बघितलंय, सकाळपर्यंत थांबू.

सकाळी आजी आली. तिला कमी ऐकू येतं, दिसतंही बेताचं, पण नाक शाबूत. माझ्या तोंडाजवळ वाकून तिने विचारलं, "काजू खाल्लेस गो बाय? बोंडूंचा वास येतोय." आईने सांगितलं, कालपासून पोटात पाण्याचा थेंब ठरलेला नाही. आजी तिथेच उभी राहिली. पिकून झाडाखाली सडलेल्या बोंडूंचा जसा आंबूस-गोड वास येतो तसा माझ्या श्वासाला येत होता, असं ती अजून सांगते. आजीला मधुमेह आहे, वीस वर्षं झाली. तिची साखर बघायचं यंत्र आमच्या देवघराच्या बाजूच्या कपाटात असतं, दर रविवारी निघतं. तीच म्हणाली, "हिची साखर बघा."

आईने माझं बोट टोचलं. यंत्रावर आकडा आलाच नाही. इंग्रजी एच आणि आय, अशी दोन अक्षरं आली. बाबांना वाटलं पट्टी खराब आहे. दुसरी लावली. तेच. मग त्यांनी डबीतला माहितीचा कागद काढून वाचला: साखर ६०० च्या वर असली की यंत्र आकडा दाखवत नाही, ही अक्षरं दाखवतं. बाबांचे हात थरथरत होते म्हणून १०८ ला फोन आईने लावला.

ते यंत्र माझ्या खोलीपासून पंधरा पावलांवर होतं. महिनाभर.

रुग्णवाहिकेतल्या मुलाने आधी माझा श्वास मोजला, घड्याळ लावून. मिनिटाला ३४. मग साखर तपासली, हाताला सुई लावून सलाइन सोडलं आणि मला विचारलं, "कितें जाता गो तुका?" काय होतंय तुला? मला उत्तर देता आलं नाही. दोन शब्दांच्या मध्ये श्वास घ्यावा लागत होता. फर्मागुडी, मंगेशी, बाणस्तारीचा पूल, जुनं गोवं. रोजची वाट मी छताकडे बघत ओळखत होते. बांबोळीला मी आधीही जायचे, पण दुसऱ्या इमारतीत.

गोवा मेडिकल कॉलेजच्या इमर्जन्सीत मनगटातून रक्त काढलं. नेहमीसारखं शिरेतून नव्हे, धमनीतून. हे दुखतं, भयंकर दुखतं. पण त्या एका नळीत सगळं कळलं. रक्ताचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा; तो उतरला की आम्लता वाढलेली) साधारण ७.४ असायला हवा, माझा ७.०५ होता. रक्तातलं आम्ल शोषून घेणारं बायकार्बोनेट २२ च्या वर असतं, माझं ६. लघवीत कीटोन भरभरून. साखर ६१८. तिथल्या डॉक्टर मॅडम आईला म्हणाल्या, "हा डायबेटिक कीटोअॅसिडोसिस. हिला टाइप वन मधुमेह आहे."

आई म्हणाली, "पण तिला तर पॅनिक अटॅक येतात."

मॅडमनी सांगितलेलं मी शुद्धीवर आल्यावर पुन्हा सगळं विचारून घेतलं, कारण मला ते समजल्याशिवाय राहवेना. स्वादुपिंड इन्सुलिन बनवायचं जवळजवळ थांबलं, की रक्तात साखर कितीही असली तरी ती पेशींच्या आत शिरत नाही. शरीराला वाटतं उपासमार चालली आहे. ते चरबी जाळायला घेतं, त्यातून कीटोन तयार होतात, आणि कीटोन आम्लधर्मी असतात. रक्त आंबट होत जातं. ही आम्लता कमी करायचा शरीराकडे एक झटपट मार्ग आहे: कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकणं, म्हणजे श्वास खोल आणि भराभर करणं. कुसमाउल नावाच्या जर्मन डॉक्टरने १८७४ मध्ये या श्वासाचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्याचंच नाव आहे. फुप्फुसं निरोगी असतात, म्हणून ऑक्सिजन ९९ दाखवतो. तो आकडा खोटा नव्हता. फक्त तो माझ्या दुखण्याबद्दल काही सांगत नव्हता.

मुंग्यांचंही उत्तर मिळालं. भीतीने श्वास वाढतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त निघून जातो, रक्त अल्कधर्मी बाजूला झुकतं आणि त्याने बोटांना, ओठांना मुंग्या येतात. माझं रक्त उलट्या दिशेला गेलेलं होतं. मग मुंग्या कुठून येणार?

आणि ती कागदी पिशवी. शरीर जीव तोडून जो वायू बाहेर टाकत होतं, तोच मी पिशवीतून परत आत घेत होते. गुंगीचं इंजेक्शनही धोक्याचं, कारण श्वास मंदावला असता तर आम्लता झपाट्याने वाढली असती. हे ऐकल्यावर आई खोलीबाहेर गेली. परत आली तेव्हा तिने चेहरा धुतला होता.

अतिदक्षता विभागात दोन दिवस होते. पहिल्या काही तासांत दोन लिटरच्या वर सलाइन गेलं. इन्सुलिन पंपातून, तासाला पाच युनिट. दर तासाला बोट टोचायचे, दर थोड्या वेळाने पोटॅशियम बघायचे. इन्सुलिन सुरू झालं की पोटॅशियम रक्तातून पेशींत शिरतं आणि रक्तातलं धोकादायकरीत्या खाली येऊ शकतं, त्यामुळे तेही सलाइनमधून द्यावं लागतं. नर्स मधूनच नाव विचारायची, वार विचारायची. मेंदूला सूज येत नाही ना, यावर त्यांचं लक्ष होतं. तोंडाला कोरड इतकी, की समोरच्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल मी पाठ केलं. सुरुवातीला पाणीही देत नव्हते, ओल्या कापसाने ओठ पुसायचे.

संध्याकाळी साखर दोनशेच्या जवळ आली, तर नर्सने ग्लुकोजची बाटली लावली. आई घाबरली. "साखर वाढली म्हणून आणलं, आणि आता साखरच चढवता?" तिथल्या तरुण डॉक्टरने तिला बाकावर बसवून समजावलं. साखर लवकर उतरते, आम्ल मागे राहतं. कीटोन थांबवायला इन्सुलिन चालूच ठेवावं लागतं, आणि ते चालू ठेवायचं तर साखर फार खाली जाऊ नये म्हणून सोबत ग्लुकोज द्यावं लागतं. तो मुलगा त्या दिवशी किती तास उभा होता कोण जाणे, पण एकदाही "तुम्हाला कळणार नाही" असं म्हणाला नाही.

पहाटे तीनच्या सुमारास मला जाग आली. वॉर्डात यंत्रांचे आवाज होते, कुणीतरी कण्हत होतं. काहीतरी कमी आहे असं वाटत राहिलं, बराच वेळ कळेना काय. मग लक्षात आलं, माझ्याच श्वासाचा आवाज ऐकू येत नाहीये. दीड दिवस तो कानात भरलेला होता. मी काही अंक मोजले नव्हते. रक्तातलं आम्ल उतरलं आणि श्वास आपला आपण खाली आला. मी तिथे पडल्या पडल्या रडले. गुरुवारी संध्याकाळी ज्या श्वासाला मी दरडावत होते, त्याच्याच जिवावर मी रात्र काढली होती.

सव्विसाव्या वर्षी टाइप वन? हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला, शाळेतल्या शिक्षकांनीसुद्धा. तो लहान मुलांचाच आजार असा समज आहे. तो कुठल्याही वयात होऊ शकतो. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. माझ्या तपासणीत त्याची खूण असलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) सापडली. निरो प्यायल्याने झाला, टेन्शनने झाला, असलं काही नाही. हे मी आजीला आठ-दहा वेळा सांगितलंय, कारण मामा अजून स्वतःला दोष देतो.

घरी येताना दोन पेनं मिळाली: एक रात्री एकदा घ्यायचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन, दुसरं प्रत्येक जेवणाआधीचं. शिकायला बरंच होतं. शीतकडीच्या, म्हणजे भात-आमटीच्या ताटात भात किती, उंडो (गोव्याचा गोल पाव) एक खाल्ला तर किती युनिट. वापरातलं पेन तीस अंशांच्या आत महिनाभर टिकतं, पण आमच्याकडे मे महिन्यात दुपारी तीस अंश कुठले, म्हणून ते मातीच्या भांड्यात, बाहेरून ओलं फडकं गुंडाळून. सगळ्यात महत्त्वाचं म्हणून मॅडमनी आईकडून आणि माझ्याकडून वदवून घेतलं: उलट्या होत असल्या, काही खाल्लं नसलं, तरी रात्रीचं इन्सुलिन बंद करायचं नाही. जेवले नाही म्हणून इन्सुलिन चुकवलं, यामुळे पुष्कळ जण पुन्हा त्याच वॉर्डात येतात.

बाबांनी आग्रह धरला म्हणून त्या खाजगी दवाखान्यातून गुरुवारचा केसपेपर आणला. तो माझ्याकडे आहे. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, ईसीजी, सगळं लिहिलेलं. 'एंग्झायटी' या शब्दाखाली दोन रेघा. श्वासाची गती लिहिलेली नाही. साखरेची जागा कोरी. बाबा त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून खूप वेळ बसले होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघालं, प्रौढांमध्ये २६.४ टक्के. चारात एक. जिथे घरोघरी हे यंत्र कपाटात आहे, तिथे दम लागलेल्या, उलट्या होणाऱ्या, वजन उतरलेल्या मुलीचं बोट कोणी टोचलं नाही, कारण तिच्या फाइलवर आधीच एक उत्तर लिहिलेलं होतं. मला राग येतो तो याचा. डॉक्टरांइतकाच स्वतःचाही, कारण ते उत्तर मीही डोळे झाकून मान्य केलं. मानसिक आजाराची फाइल असलेल्या माणसाला ही सवय लागते. अंगात काहीही झालं की आपण आधी आपल्या मनालाच आरोपी करतो.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. दुसऱ्याच आठवड्यात, तिसरीच्या वर्गात फळ्यावर लिहिताना हात थरथरायला लागले. घाम, धडधड, डोक्यात गोंधळ. मी टीचर्स रूममध्ये येऊन बसले आणि पुन्हा तेच केलं: चार आत, सहा बाहेर. दहा मिनिटं. आमच्या ज्येष्ठ टीचरनी माझ्या पर्समधलं यंत्र काढून हातात दिलं. साखर ५२. म्हणजे या खेपेला साखर वाढली नव्हती, उतरली होती, आणि तीही पॅनिकचंच रूप घेऊन आली होती. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घेतली, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितलं, ८४. त्यानंतर एक बिस्किट.

तेव्हापासून माझा नियम आहे, आधी बोट आणि मग श्वास. समुपदेशक बाईंनाही मी तो सांगितला. त्यांनी तो माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवला: 'श्वासाचा त्रास असल्यास आधी साखर व कीटोन तपासा.' शाळेच्या ओळखपत्रामागेही मी हीच ओळ चिकटवली आहे, खाली आईचा नंबर. साखर २५० च्या वर असून पोट बिघडलेलं असेल तर लघवीची कीटोन पट्टी बघते. पट्टीचा रंग गडद झाला तर घरी थांबायचं नाही, हे ठरलेलं आहे.

पॅनिक अटॅक गेलेले नाहीत. मागच्या महिन्यात पणजीहून येताना बस बाणस्तारीच्या पुलावर थांबली, पुढे कुठेतरी ट्रक बंद पडला होता. खिडकीखाली कुंभारजुव्याच्या कालव्याचं पाणी. धडधड सुरू झाली, घसा आवळला, श्वास सुटला. मी पर्समधून यंत्र काढलं. शेजारच्या आजी बघत होत्या, त्यांनी न विचारता माझी पर्स मांडीवर धरली. बोट टोचलं. ११८. त्या दिवशी उलटी नव्हती, पोटदुखी नव्हती. यंत्र मिटून ठेवलं आणि पाय बसच्या जमिनीवर टेकवले. चार अंक आत, सहा अंक बाहेर. थोड्या वेळाने बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, मग ओठांना. मी हात उलटा करून बोटांकडे बघत बसले. बस हलली, भोम गेलं, कुंडई गेली. म्हार्दोळ येईपर्यंत श्वास ताळ्यावर आला होता. आजींकडून पर्स घेतली आणि उतरले.